राबणाऱ्या हातांची निगा

आपल्या घरांत आरसा असतो तो मुखासाठी. सणावारी नवे वस्त्र येते ते अंगासाठी आणि वहाणा येतात त्या पायांसाठी. हातांसाठी मात्र आपण काहीच आणीत नाही. वास्तविक घर चालते ते हातांवर. जाळे ओढणारे, वाफ्यात निंदणी करणारे, मासळी साफ करणारे, विटा वाहणारे आणि रात्री उशिरा भांडी घासणारे हात एक दिवस थांबले, तर दुसऱ्या दिवशी चूल पेटण्याची पंचाईत. असे असूनही त्या हातांना भेगा पडल्या, त्यांतून रक्त आले, तरी आपण सहज म्हणून जातो, "कामाचे हात आहेत, चालायचेच." वाचकहो, या 'चालायचेच' शब्दाविषयी मला आज थोडे लिहावयाचे आहे.

माझे बालपण वसईच्या किनाऱ्यावर गेले आणि संसार इंदूरच्या तुकोगंज भागात झाला. पहिले ठिकाण खाऱ्या वाऱ्याचे, दुसरे कोरड्या वाऱ्याचे. वसईची हवा इतकी दमट, की पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. इंदूर वसले आहे माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर. पौष महिन्यात उत्तरेचा वारा सुटला, की पहाटेचा पारा कित्येकदा दहा अंशांच्या खाली उतरतो. होळकर घराण्यातील तुकोजीरावांच्या नावाने वसलेल्या या तुकोगंजात मराठी घरे पुष्कळ आहेत. आणि हिवाळा लागला, की शेजारच्या काकू, दूधवाला, माळी, वृत्तपत्रे टाकणारा मुलगा, या सर्वांचे हात जणू एकाच दिवशी फुटू लागतात. मी प्रथम येथे आले तेव्हा मला या गोष्टीचे मोठे नवल वाटे. वसईत माझ्या वडिलांचे हात फुटत ते दिवसभर पाण्यात राहून. येथे लोकांचे हात फुटतात ते हवेत पाणी नसल्यामुळे. दोन विरुद्ध कारणांचे फळ एकच कसे? या कोड्याचे उत्तर समजल्यावाचून हातांची निगा नीट राखता येत नाही. म्हणून ते प्रथम सांगते.

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर निर्जीव पेशींच्या चपट्या चकत्यांचा असतो. या चकत्या एकीवर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटी स्निग्ध द्रव्याने लिंपलेल्या असतात. दगडी भिंतीत चुना जे काम करतो, तेच काम हे स्निग्ध द्रव्य करते. देहातील ओलावा आत राखणे आणि बाहेरचा उपद्रव बाहेर ठेवणे, हे या भिंतीचे कर्तव्य. अंगावर इतरत्र बहुतेक ठिकाणी कातडीत तेल पाझरणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. त्या ही लिंपण अधिक सांभाळतात. परंतु तळहात आणि तळपाय यांवर अशा तैलग्रंथी मुळीच नसतात. तळहाताला घाम येतो, तेल येत नाही. म्हणजे ज्या अवयवाकडून आपण सर्वांत अधिक काम घेतो, त्याच्यापाशी स्वतःचे तेल सर्वांत कमी!

आता कोरडा वारा या भिंतीतून ओलावा शोषून घेतो, हे समजण्यास कठीण नाही. पण पाणी काय करते? हात बराच वेळ पाण्यात राहिला, की वरचा थर फुगतो आणि त्यातली ओलावा धरून ठेवणारी द्रव्ये पाण्याबरोबर वाहून जातात. मग हात वाऱ्यावर सुकतो, तेव्हा वरून आलेले पाणी तर उडून जातेच, शिवाय कातडीचा स्वतःचा ओलावाही जातो. दिवसातून वीस वेळा भिजणे आणि वीस वेळा सुकणे, यासारखे कातडीचे दुसरे हाल नाहीत. त्यावर खाऱ्या पाण्याचे मीठ सुकून बसते आणि चरचरते. कपड्यांचा साबण किंवा सोडा लागला, तर उरलेले स्निग्ध द्रव्यही निघून जाते. मग बोट वाकते तेथे, सांध्यावर, सुकलेली कातडी ताणली जाते आणि चिरते. अशा रीतीने कोळ्याचा हात आणि माळव्यातल्या माळ्याचा हात निरनिराळ्या वाटांनी एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात.

भेग म्हणजे उघडे राहिलेले दार. दारातून कोण आत येईल, हे आपल्या हाती राहत नाही. मासळी हाताळणाऱ्यांना एक विशिष्ट विकार होतो. डॉक्टर त्यास एरिसिपेलॉइड म्हणतात. माशाचा काटा, कोळंबीचे टोक किंवा जुनी भेग यांतून जंतू शिरतो आणि काही दिवसांनी बोटावर जांभळट लाल, ठणकणारी सूज चढू लागते. पेनिसिलिनने हा विकार सहसा बरा होतो. पण काटा लागला आहे, उतरेल आपोआप, असे म्हणून पुष्कळ लोक दिवस काढतात. शेतकऱ्याच्या बाबतीत याहून मोठे भय लेप्टोचे. उंदरांच्या मुत्राने दूषित झालेल्या चिखलातून व साचलेल्या पाण्यातून हा जंतू भेगाळलेल्या कातडीवाटे देहात प्रवेश करतो. २००५ सालच्या जुलै महिन्यातील महापुरानंतर मुंबईत या रोगाने किती घरे हादरली, ते अनेकांना आठवत असेल. भातखाचरात किंवा गढूळ पाण्यात उतरण्यापूर्वी हातापायांच्या भेगा झाकणे आणि काम संपताच स्वच्छ पाण्याने धुणे, ही गोष्ट म्हणूनच हौसेची नाही. त्यानंतर ताप, डोकेदुखी व पोटऱ्यांत कळा आल्या, तर आपण चिखलात काम केले होते हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. धनुर्वाताची लसही वेळच्या वेळी टोचून घेतलेली असावी.

भेगाळलेल्या हाताने रोगच येतो असे नाही. कधी कधी माणसाची ओळखही जाते. हे मला तुकोगंजात कळले. आमच्या घराजवळच्या एका रोपवाटिकेत बऱ्हाणपूरकडच्या एक मराठी बाई कामास आहेत. वय साठीच्या घरातले. कुंड्या भरणे, शेणखत कालवणे, रोपांना पाणी घालणे, हे त्यांचे काम. मी त्यांना मावशी म्हणते. त्या मला बाई म्हणतात, कारण त्यांच्या नातीला मी शाळेत शिकविले. एका हिवाळ्यात त्या रिकामी पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या.

"बाई, रेशनचं मशीन माझा अंगठा घेत नाही. तीन डाव लावला. दुकानदार म्हणतो, उद्या या."

"आणि उद्याही नाही घेतला तर, मावशी?"

"तर परवा. पण रोज उठून तिथं उभी राहिले तर माझा खाडा पडतो."

मी त्यांचा हात हाती घेऊन पाहिला. अंगठ्यावर दोन आडव्या भेगा, बोटांच्या टोकांची कातडी पांढरट आणि गुळगुळीत झालेली. बोटावरील रेषा म्हणजे कातडीचेच उंचवटे. मातीने, विटेने, सोड्याने ते वर्षानुवर्षे घासले गेले, की पुसट होतात. भेग पडली, की रेषा मध्येच तुटते. आणि बोट फार कोरडे असले, की यंत्राच्या काचेवर त्याची छाप फिकी उठते. ज्या हातांनी त्या बाईंनी चाळीस वर्षे मातीत काम केले, त्याच हातांकडे पाहून यंत्र म्हणत होते, की ही ती नव्हे. मावशींचे हे दुःख एकट्याचे नाही. खडी फोडणारे, बांधकामावर राबणारे, शेतमजूर आणि वृद्ध माणसे यांना देशात ठिकठिकाणी हाच अनुभव आला आहे.

येथे वाचकांना एक उपयुक्त गोष्ट सांगून ठेवते. अंगठा जुळला नाही, म्हणजे हक्क संपला, असे समजू नये. दहा बोटांपैकी दुसरे एखादे बोट पुष्कळदा जुळते. शिधापत्रिकेवर नाव असलेल्या कुटुंबातील दुसऱ्या व्यक्तीचा ठसाही चालतो. काही ठिकाणी डोळ्याच्या बुबुळावरून किंवा मोबाइलवर येणाऱ्या अंकांवरून ओळख पटविण्याची सोय असते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये आधारविषयी जो निकाल दिला, त्यातही ठसा न जुळल्यामुळे गरजू मनुष्य लाभावाचून राहू नये, याची काळजी व्यक्त झाली आहे. मावशींना त्या महिन्याचे धान्य मिळाले ते पिथमपूरच्या कारखान्यात कामास असलेला त्यांचा मुलगा सुट्टी काढून आला तेव्हा, त्याच्या बोटावर. परंतु दर महिन्यास मुलाने सुट्टी कशी काढावी? म्हणून आम्ही दोघींनी त्यांच्या हातांची निगा राखण्याचे ठरविले. जे केले ते कोणत्याही घरात होण्याजोगे आहे. यास्तव क्रमाने लिहिते.

पहिली गोष्ट धुण्याची. हात कोमट पाण्याने धुवावेत. थंडीत कढत पाणी सुखाचे वाटते, पण ते कातडीचे तेल अधिक काढते. अंगाचा सौम्य साबण थोडासा लावावा. कपड्यांचा साबण, सोडा, राख, वाळू आणि रॉकेल यांनी हात घासू नयेत. इंजिनाचे वंगण किंवा फणसाचा चीक लागला असेल, तर आधी खोबरेल तेल चोळून ते सैल करावे आणि मग साबण लावावा. मासळीचा वास घालविण्यासाठी आपल्याकडे लिंबू चोळतात. भेगा असताना ते चरचरतेच. शिवाय लिंबाचा रस लागलेल्या हातावर कडक ऊन पडले, तर कातडी भाजल्यासारखी लाल होऊन पुढे काळे डाग पडतात.

दुसरी गोष्ट पुसण्याची. हात झटकून वाऱ्यावर सुकू देऊ नयेत. मऊ सुती फडक्याने, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, टिपून घ्यावेत आणि किंचित ओलसर असतानाच स्निग्ध द्रव्य लावावे. सर्व उपचाराचे मर्म या 'ओलसर' शब्दात आहे. उन्हाळ्यात आपण माठ भरतो. त्याच्या छिद्रांतून पाणी पाझरते व वाऱ्याने उडते. माठाला बाहेरून तेल लागले, तर छिद्रे बुजतात आणि पाणी झिरपणे थांबते. माठाचे त्यात नुकसान होते. हाताचे मात्र त्यातच हित आहे. तेल कातडीला पाणी देत नाही, असलेले पाणी उडू देत नाही. म्हणून अगदी सुकलेल्या हातावर वाटीभर तेल ओतण्यापेक्षा धुतल्याबरोबर लावलेले चार थेंब अधिक गुणकारी ठरतात.

लावावे काय? महागड्या बाटलीची आवश्यकता नाही. पेट्रोलियम जेली, म्हणजे ज्याला आपण सर्रास व्हॅसलीन म्हणतो, ती ओलावा अडविण्यात फार समर्थ आहे. तिचा इतिहासही श्रमिकांच्या हातांशी निगडित आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतातील तेलविहिरींवर काम करणारे मजूर यंत्राच्या दांड्यांना चिकटणारा मेणासारखा गाळ आपल्या कापलेल्या व भाजलेल्या जागी लावीत. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या रसायनज्ञाने तो गाळ शुद्ध केला आणि १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. विद्वानाच्या प्रयोगशाळेत पोहोचण्यापूर्वी हे औषध मजुरांच्या तळहातावर होते, याचे मला विशेष वाटते. आपल्या घरचे खोबरेल तेलही चांगले. आमची आजी ते कोमट करून त्यात मधमाशीचे थोडे मेण विरघळवी. थंड झाले, की घट्ट मलम तयार होई. कोकणात कोकमाच्या बियांचे घट्ट तेल जरासे गरम करून भेगांत भरतात, तेही उत्तम. ग्लिसरीन लावणे असेल, तर त्यात पाणी मिसळून लावावे व वरून तेलाचा हात फिरवावा. हाताच्या कडांवर कातडी राठ होऊन घट्टे पडले असतील, तर औषधाच्या दुकानात युरियायुक्त मलम मिळते. ते राठ कातडी मऊ करते, पण ताज्या भेगेवर चरचरते.

तिसरी गोष्ट रात्रीची. दिवसा लावलेले तेल कामात पुसले जाते. रात्र मात्र पूर्णपणे आपली असते. निजण्यापूर्वी हातांना जाडसर थर लावावा आणि जुने, स्वच्छ, सुती पायमोजे हातांत चढवून निजावे. मावशी प्रथम हसल्या. "पायातलं हातात घालू?" असे म्हणाल्या, पण घातले. खोल भेगेत जेली भरून वर चिकटपट्टी लावून ठेवावी, म्हणजे सांधा वाकला तरी भेग पुन्हा उघडत नाही. भेगेत तंबाखू, चुना किंवा दंतमंजन भरण्याची रीत मी दोन्ही प्रांतांत पाहिली आहे, ती सोडावी.

चौथी गोष्ट हातमोज्यांची. पाण्याच्या कामास रबरी हातमोजे हवेत आणि त्यांच्या आत पातळ सुती मोजे असले तर घामाने कातडी कुजत नाही. मोजे फाटले, आत पाणी शिरले, की ते नसलेले बरे, ताबडतोब बदलावेत. ओले सिमेंट तर उघड्या हातांनी कधीच कालवू नये. ते अतिशय दाहक असते आणि त्यातील क्रोमियममुळे काहींना आयुष्यभराची खाज जडते.

फळ किती दिवसांनी? कातडीचा वरचा थर नवा होण्यास सुमारे महिना लागतो; म्हणून दोन दिवस लावून गुण नाही म्हणणे अन्यायाचे. मावशींच्या भेगा तिसऱ्या आठवड्यात मिटल्या. दुकानात जाताना त्यांनी कोमट पाण्याने हात धुऊन, तेलाचा अंश पुसून टाकला, कारण तेलकट बोटाचा ठसा काचेवर फासला जातो. अंगठा त्याही दिवशी जुळला नाही. डाव्या हाताचे मधले बोट जुळले. पिशवी भरून घरी परतताना त्या मुद्दाम आमच्या दारावरून गेल्या आणि ते बोट मला उंच करून दाखविले.

काही भेगा मात्र घरच्या उपायांच्या आवाक्याबाहेरच्या असतात. पू होणे, सूज चढणे, भेगेपासून दंडाकडे लाल रेघ जाणे, ताप येणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असणाऱ्यांनी लहान भेगेसही लहान समजू नये. एकाच हाताची साल निघत असेल, तर नायटा असू शकतो. दोन-तीन आठवडे निगा राखूनही गुण नसेल, तर इसब किंवा अन्य विकाराची तपासणी करून घ्यावी. दुकानदाराच्या सांगण्यावरून स्टेरॉइडची नळी आणून महिनोगणती लावू नये. तिने प्रथम बरे वाटते, पण कातडी पातळ होत जाते. २०१८ साली सरकारने अशा कित्येक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली ती याचसाठी.

हे सर्व आपल्या स्वतःच्या हातांविषयी झाले. परंतु आपल्यासाठी राबणाऱ्या दुसऱ्यांच्या हातांचे काय? इंदूरच्या इतिहासात या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर आहे. स्कॉटलंडचे थोर नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबारच्या निमंत्रणावरून या शहरी आले होते. त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. शहर तेव्हा प्लेगने त्रस्त होते. गेडिस यांनी १९१७ च्या दिवाळीत स्वच्छतेचा संदेश देणारी एक भव्य मिरवणूक काढविली आणि तीत शहराच्या झाडूवाल्यांना, स्त्रियांना व पुरुषांना, शुभ्र वस्त्रांत, गळ्यात फुलांच्या माळा घालून मानाने चालविले. त्यानंतर शंभर वर्षांनी, २०१७ पासून २०२३ पर्यंत, हेच इंदूर स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सतत सात वेळा पहिले आले. शेवटच्या वर्षी सुरतेबरोबर. पहाटे आमच्या तुकोगंजच्या रस्त्यांवर धुक्यातून झाडूचा आवाज येतो, तेव्हा त्या कीर्तीचा भार कोणाच्या तळहातांवर आहे, ते वेगळे सांगावयास नको.

माळ घालणे थोर खरेच. पण माळ एका दिवसाची असते. रोजच्या रोज करण्याजोगे मान देण्याचे दुसरे मार्गही आहेत. धुणीभांडी करणाऱ्या बाईंना थंडीत कोमट पाणी द्यावे. भांड्यांसाठी तीव्र पावडर आणण्यापूर्वी ती कोणाच्या हाताला लागणार, याचा विचार करावा. शेतावर, नावेवर किंवा बांधकामावर माणसे लावणाऱ्याने मजुरीबरोबर धड हातमोज्यांचा जोड द्यावा. कचऱ्यात फुटकी काच टाकताना ती जाड कागदात बांधून टाकावी. यांत खर्च थोडा आहे. लागते ती फक्त आठवण.

आणि घरच्या घरी एक सोपी व्यवस्था करावी. मोरीजवळच्या फळीवर खोबरेल तेलाची वा जेलीची एक डबी आणि एक सुती फडके कायमचे ठेवावे. डबी कपाटात ठेवली, की विसरली जाते. बाबा समुद्रावरून किंवा वाडीतून परतले, की मुलांनी फडके हाती द्यावे. आई भांडी आटोपून उठली, की तिच्या हातांना तेल लावण्याचे काम एखाद्या रात्री मुलाने करावे, मुलीनेच करावे असा नियम नाही. आईबापांचा तळहात मुलांनी असा जवळून पाहिला, म्हणजे ताटातला घास कोठून येतो, हे त्यांना निराळे शिकवावे लागणार नाही. आजच्या रात्री जेवणे उरकल्यावर आपल्या घरातील सर्वांत अधिक राबणारा हात कोणता ते पाहावे, आणि आरंभ त्या हातापासून करावा.